शुक्रवारच्या ताटातला इतिहास

गेल्या प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारची गोष्ट. क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपली होती. गोंदिया जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात त्यानंतर सर्वांनी एकत्र बसून साधे जेवण घेण्याचा प्रघात आहे. एरव्ही खिचडी असते, नाही तर वरणभात. त्या दिवशी मात्र नागपूरला शिकणाऱ्या आमच्या चार-दोन युवकांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि तास-दीड तासात पन्नास माणसांपुरता टोमॅटोचा झणझणीत पास्ता शिजवला. त्यात मांस नव्हते, अंडे नव्हते, इतकेच काय, चीज आणि लोणीही नव्हते. मुलांनी उपवासाचा नियम आम्हा थोरांपेक्षा कसोशीने पाळला होता.

पंगत बसली. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक वयोवृद्ध धर्मग्रामवासी पुढे आलेली थाळी हलकेच बाजूला सारून म्हणाले, "फादर, उपवासाच्या दिवशी हे विलायती कशाला? आधीच लोक आपल्याला विलायती धर्माचे म्हणतात. त्यात आपणच भर घालायची का?"

मुलांचे चेहरे उतरले. मीही निरुत्तर झालो. त्या वाक्याचा विषय पास्ता नव्हता, हे उघड होते. आयुष्यभर कचेरीत, शेजारात, लग्नकार्यात ऐकलेला एक टोमणा त्या वृद्ध मनात रुतून बसला होता आणि त्या संध्याकाळी तो थाळीच्या निमित्ताने बाहेर पडला. रात्री विचार करताना वाटले, की या प्रश्नाचे उत्तर प्रवचनातून देण्यापेक्षा त्या थाळीलाच द्यायला सांगावे. थाळीत होते तरी काय? मिरची, टोमॅटो, लसूण, तेल आणि गव्हाच्या नळ्या. यांतले आपले काय आणि परके काय, हे वाचकहो, आपण एकेक करून पाहू.

मिरी आणि मिरची

प्रथम मिरची घेऊ, कारण तिच्या आपलेपणाविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. विदर्भाच्या माणसाला ठेच्यावाचून घास उतरत नाही आणि भिवापूरच्या मिरचीचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु पाचशे वर्षांपूर्वी या भूमीत मिरचीचे एकही रोप नव्हते. ती मूळची अमेरिका खंडाची. १४९२ साली कोलंबस मिऱ्यांच्या आणि हिंदुस्थानच्या शोधात निघाला. हिंदुस्थान त्याला सापडला नाही, मिरेही सापडले नाहीत. १४९३ साली तो परतला तो मिरची घेऊन. पुढे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकले आणि अमेरिका, आफ्रिका व गोवा एका जलमार्गाने जोडले गेले. त्याच मार्गाने ही तिखट पाहुणी आपल्या किनाऱ्यावर उतरली.

तोवर आपल्या स्वयंपाकाचा तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आले यांवर चाले. मिरे मलबारातून येत आणि त्यांना दाम मोजावा लागे. मिरचीचे तसे नव्हते. परसात एक बी पडले, की घरभराच्या तिखटाची सोय होई. म्हणून गरिबाने तिला आधी जवळ केले. तिचे नावही आपण जुन्या सोयरिकीतूनच ठेवले. मिरीसारखी तिखट, म्हणून ती मिरची. गंमत अशी, की इटालियन माणसानेही हेच केले. मिऱ्याला त्यांच्याकडे 'पेपे' म्हणतात, म्हणून मिरची झाली 'पेपेरोन्चिनो'. बंगाली माणूस मात्र मिरचीला आजही 'लंका' म्हणतो. समुद्रापलीकडून आल्याची खूण त्या नावाने जपली आहे. आपण ती पुसून टाकली.

सोन्याचे फळ, विलायती वांगे

टोमॅटोचीही जन्मभूमी अमेरिकाच. मेक्सिकोतील मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याला 'टोमाट्ल' म्हणत. स्पॅनिश दर्यावर्दींनी तो युरोपात नेला. १५४४ साली मात्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने त्याची नोंद केली, ती वांग्याचा एक नवा प्रकार म्हणून. पुढे त्याला 'पोमोदोरो', म्हणजे सोन्याचे सफरचंद, असे नाव मिळाले. युरोपात कित्येक वर्षे लोक त्याला भीत होते, कारण तो धोतऱ्याच्या कुळातला. ती भीती निराधार नव्हती. धोतरा, वांगे, बटाटा, मिरची आणि टोमॅटो ही एकाच कुळातील भावंडे. त्यांतले कोणते पोसते आणि कोणते मारते, हे अनुभवानेच कळायचे.

हिंदुस्थानात टोमॅटो रुजला तो प्रामुख्याने साहेबांच्या बागांतून. येथील पिकांचा आणि उत्पादनांचा जो विस्तृत इंग्रजी कोश जॉर्ज वॉट यांनी १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी नोंदवले आहे, की टोमॅटोची लागवड अजून मुख्यतः युरोपियनांसाठीच होते. एतद्देशीयांना तो नुकता कोठे रुचू लागला आहे. म्हणजे फार मागे जावयास नको. आपल्या आजोबांच्या आजोबांच्या ताटात टोमॅटो बहुधा नव्हताच. बंगालीत त्याला 'विलायती बेगुन', म्हणजे विलायती वांगे, म्हणत. मात्तिओली वैद्याला आणि बंगाली गृहिणीला, तीन शतकांच्या अंतराने, त्याच्यात वांगेच दिसावे, हे मला मोठे विलक्षण वाटते. अनोळखी पाहुणा दारात उभा राहिला, की माणूस त्याच्या चेहऱ्यात ओळखीच्या कोणाचा तरी चेहरा शोधतो.

आपल्याकडेही तो सहजासहजी घरात आला नाही. त्याचा रंग मांसासारखा तांबडा, म्हणून कित्येक सनातनी घरांत तो वर्ज्य असे. आंबटपणासाठी चिंच होती, अंबाडी होती, कैरी होती. त्याची गरज काय? तरीही तो आला आणि राहिला. विदर्भातील जुनी माणसे त्याला 'भेदरे' म्हणत. हा शब्द आता मागे पडून 'टमाटर' पुढे आला आहे, तरी ज्यांच्या आजीने चुलीच्या निखाऱ्यावर भेदरी भाजली, त्यांना त्या शब्दाबरोबर तो खरपूस वास आठवल्याशिवाय राहणार नाही. भाजलेल्या भेदऱ्यांची साल काढायची, लसूण, मिरची आणि मीठ घालून पाट्यावर वाटायची, वरून जवसाच्या तेलाची धार सोडायची. भाकरीबरोबर ही चटणी असली, की दुसऱ्या कोरड्यासाची आठवण होत नसे.

आता याच्या शेजारी दुसरी एक कृती ठेवतो. आंतोनिओ लातिनी हा नेपल्समधील एका स्पॅनिश अधिकाऱ्याच्या वाड्यावरचा कारभारी. त्याने १६९२ ते १६९४ या काळात पाककलेवर दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इटालियन भाषेत छापलेली टोमॅटोच्या चटणीची सर्वांत जुनी कृती त्यात आढळते. ती अशी: पिकलेले टोमॅटो निखाऱ्यावर भाजावेत, साल काढावी, सुरीने बारीक चिरावेत, त्यात कांदा आणि मिरची बारीक करून घालावी, थोडी रानवनस्पतीची पाने, मीठ, तेल आणि शिरका मिसळावा. शिरका आणि ती पाने वगळली, तर ही भेदऱ्याची चटणीच नव्हे काय? लातिनीने विदर्भ पाहिला नव्हता आणि आपल्या आज्यांनी लातिनी वाचला नव्हता. निखारा, मिरची आणि आंबट फळ एकत्र आले, की भुकेला माणूस कोठेही याच चवीपाशी पोहोचतो.

या चटणीचे आणि शेवयांचे लग्न मात्र इटलीतही उशिरा लागले. त्यापूर्वी तेथे पास्ता खात असत तो चीज घालून. श्रीमंतांच्या घरी वर साखर आणि दालचिनीसुद्धा असे. पास्ता आणि टोमॅटो एकत्र आणणाऱ्या कृती छापील ग्रंथांत दिसतात त्या १७९० नंतर, आणि नेपल्सच्या काव्हाल्कांतीने १८३९ साली दिलेली टोमॅटोच्या शेवयांची कृती तर प्रसिद्धच आहे. म्हणजे ज्याला आपण इटलीचा सनातन पदार्थ समजतो, त्याचे वय सव्वादोनशे वर्षांच्या आसपास. आमच्या युवकांनी शिजवलेल्या तिखट प्रकाराला रोमकडे 'आराब्याता', म्हणजे 'संतापलेली', म्हणतात. तो तर विसाव्या शतकातला. विलायतेतही तो पदार्थ नवाच आहे!

शेवयांचे गोत

उरल्या गव्हाच्या नळ्या. मार्को पोलोने १२९५ साली चीनहून परतताना पास्ता इटलीत आणला, असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. १२७९ सालच्या जिनोआतील एका मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या पेटीची नोंद आहे. त्याहूनही आधी, ११५४ साली, अल्-इद्रीसी या भूगोलवेत्त्याने लिहून ठेवले आहे, की सिसिली बेटावरील त्राबिया गावी शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि जहाजांत भरून मुस्लिम व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जातो. अल्-इद्रीसी स्वतः मुसलमान. त्याने हा ग्रंथ लिहिला तो सिसिलीच्या ख्रिस्ती राजाच्या, दुसऱ्या रॉजरच्या, दरबारात. पास्त्याच्या पहिल्या पानावरच असे दोन धर्मांचे हात लागलेले आहेत.

आणि आपल्याकडे? सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'सेविका' येते, ती आपली शेवई. मराठी घरातील 'वळवट' तर सर्वांना ठाऊक असेल. गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या अशा नावांचे ते इवले इवले आकार आज्या बोटांच्या पेरांवर वळत आणि लग्नाच्या रुखवतात मानाने मांडत. इटलीच्या स्त्रिया अंगठ्याने दाबून कानाच्या आकाराचा पास्ता करतात. आपल्याकडे नखाने दाबून नखुली होते. वरणात कणकेचे तुकडे शिजवून केलेली वरणफळे किंवा चिकोल्या हा तर आपला घरोघरचा रात्रीच्या जेवणाचा पदार्थ. आई थकलेली आहे, भाजी नाही, मुले भुकेली आहेत, अशा वेळी एका भांड्यात होणारे हे जेवण. इटालियन आईचा पास्ता याहून निराळा काय असतो?

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझे बालपण भंडारा जिल्ह्यात गेले. १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत गोंदिया त्याच जिल्ह्यात होता. आमचा मुलूख भाताचा. पण आईचे माहेर वर्ध्याकडचे, गव्हाचे. उन्हाळ्यात ती सरगुंडे करी. घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी सरकांड्याच्या काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि वाळवायची. पुढे ते पाण्यात उकडून आमरसाबरोबर खायचे. मी सेमिनरीत गेलो, तेव्हा तिने एक डबा भरून सरगुंडे बरोबर दिले. शहरांतून आलेल्या सोबत्यांपुढे हे खेडवळ खाणे काढायची मला लाज वाटली. डबा खाटेखाली गेला.

आमच्याकडे एक वृद्ध इटालियन फादर होते. खोल्यांची पाहणी करताना त्यांच्या हाती तो डबा लागला. त्यांनी एक सरगुंडा उचलला, उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "माझी आई हे लोखंडी काडीवर करायची. काडी हरवली, की छत्रीची तार घ्यायची." त्या रविवारी त्यांनी स्वतः ते उकडले, लसूण आणि टोमॅटो घालून आम्हा सर्वांना वाढले, आणि ते कोणाच्या आईने केले आहेत, हे सर्वांसमक्ष सांगितले. सोबती मिटक्या मारीत होते. मी मान खाली घालून जेवलो. ज्याची मला लाज वाटली, ते त्या परदेशी माणसाने आपले म्हणून ओळखले होते.

गरिबांचे ताट, उपवासाचे ताट

पास्ता हे चैनीचे खाणे आहे, असा समज आज हॉटेलांच्या दरपत्रकांमुळे झाला आहे. इतिहास वेगळे सांगतो. सतराव्या शतकात नेपल्समध्ये मांस आणि भाजीपाला गोरगरिबांना परवडेनासा झाला. त्याच सुमारास कणीक दाबून नळ्या काढणारे यंत्र आले, पास्ता स्वस्त झाला आणि रस्त्यावरचा मजूर तो हाताने खाऊ लागला. पुढे दारिद्र्याला कंटाळून लक्षावधी इटालियन अमेरिकेला गेले, तेव्हा हेच गरिबांचे अन्न त्यांच्याबरोबर जगभर पोहोचले.

उपवासाशीही त्याचे नाते जुने आहे. मध्ययुगात पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी आणि चीजही वर्ज्य असे. पुढे सवलती मिळत गेल्या. १९६६ साली परमगुरू सहावे पॉल यांनी जो नियम घालून दिला, त्यात केवळ मांस वर्ज्य आहे. पूर्वेकडील अनेक ख्रिस्तसभांत मात्र दूधदुभतेही सोडण्याची प्राचीन रीत आजही आहे. ज्याला हल्ली 'वीगन' म्हणतात, तो शब्द १९४४ साली इंग्लंडात जन्मला. ते जेवण मात्र उपवास करणाऱ्यांनी शतकानुशतके जेवले आहे.

आणि उपवासाच्या ताटातच आपले-परके पाहायचे, तर आपल्या हिंदू बंधुभगिनींचा फराळ पाहा. साबुदाणा होतो तो कसाव्याच्या कंदापासून. तो कंद अमेरिकेतला. शेंगदाणा अमेरिकेतला, बटाटा अमेरिकेतला, रताळे अमेरिकेतले, हिरवी मिरचीही तेथलीच. हे सर्व समुद्र ओलांडून आले आणि एकादशीच्या पवित्र ताटात जाऊन बसले. यात मला विसंगती दिसत नाही. भक्तीने जे शिजवले, ते भक्तीचे झाले. हाच न्याय सर्वांना लागू व्हावा, एवढेच म्हणणे आहे.

घरच्या भगिनींनी मुलांची कृती विचारली होती, ती येथेच देतो. चौघांसाठी पाव किलो पास्ता आणि पाऊण किलो पिकलेली टोमॅटो घ्यावीत. मोठ्या पातेल्यात मिठाचे पाणी उकळत ठेवावे. तोवर कढईत चार चमचे तेल मंद तापवून त्यात लसणाच्या दहा पाकळ्या ठेचून आणि चार-पाच सुक्या लाल मिरच्या मोडून घालाव्यात. लसूण करपू देऊ नये. करपला, की सारे कडू होते. मग चिरलेले टोमॅटो व मीठ घालून तेल सुटेपर्यंत, साधारण पंधरा मिनिटे, शिजवावे. पास्ता किंचित कच्चा असतानाच उपसावा आणि कढईत घालावा. त्याचे वाटीभर पाणी राखून ठेवून तेही घालावे. त्या पाण्यात पिठाचा अंश उतरलेला असतो. त्याने तेल आणि रस एकजीव होऊन पास्त्याला चिकटतात. चीजवाचून दाटपणा येतो, त्याचे रहस्य हेच. वर कोथिंबीर. सारे अर्ध्या तासात होते. टोमॅटो महाग असतील, तर वाट पाहावी. २०२३ च्या जुलैत ते अनेक शहरांत शंभर रुपये किलोच्या पलीकडे गेले होते, आणि इतर वेळी भाव पडला म्हणून शेतकऱ्याने ते रस्त्यावर ओतलेलेही आपण पाहिले आहेत. ताटात टोमॅटो घेताना त्या शेतकऱ्याचीही आठवण असावी.

तेव्हा थाळीने दिलेली साक्ष अशी. मिरची आणि टोमॅटो अमेरिकेचे. गहू आणि जवस पश्चिम आशियातून फार प्राचीन काळी आलेले, लसूण मध्य आशियाचा. आमच्या या धानाच्या जिल्ह्यात तर गहूसुद्धा पाहुणाच. विलायती म्हणून बाजूला सारायचे ठरवले, तर पास्त्याबरोबर ठेचा, भेदऱ्याची चटणी आणि पोळी हीही बाजूला सारावी लागतील. ज्या हातांनी बी पेरले, पाणी दिले, पाट्यावर वाटले आणि भुकेल्याला वाढले, त्या हातांनी ते अन्न आपले केले. पिढ्यान्‌पिढ्या मराठीत रडलो, हसलो, मराठीतच प्रार्थना केली आणि याच मातीत आपली माणसे पुरली, त्या आपल्याला कोणी विलायती म्हटले, तर रागावण्याचे कारण नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लाजण्याचे कारण नाही. खाटेखाली डबा लपवणाऱ्या मुलाला हे कळायला बरीच वर्षे लागली.

पुढच्या शुक्रवारी मी त्या वृद्ध गृहस्थांच्या शेजारी बसलो आणि वर लिहिलेले थोडेफार त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पटले की नाही, ते बोलले नाहीत. पंगत उठताना मात्र त्यांनी मुलांपैकी एकाला जवळ बोलावले आणि म्हणाले, "आमची म्हातारी होती तेव्हा भेदरी निखाऱ्यावर भाजायची. पुढच्या वेळी तुम्ही आधी भाजून पाहा. आणि मिरची जरा जास्त घाला."

मुलांनी तसे करून पाहिले. चव खरोखरच सुधारली.